फेनवे पार्कला पहिल्यांदा जाताना

आम्ही राहतो न्यू जर्सीत, एडिसनला. घरात सगळे यांकीजवाले, म्हणजे न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघाचे. तरीही वर्षातून एकदा मी बॉस्टनला जाते, यांकीजच्या वैऱ्याच्या, रेड सॉक्स संघाच्या घरी, फेनवे पार्कला सामना बघायला. ओळखीतल्या कुणी ना कुणी दर उन्हाळ्यात विचारतंच: आम्हालाही जायचंय, पण खेळ कळत नाही, तिकिटं कुठली घ्यायची, आई-बाबा भारतातून आलेत त्यांना झेपेल का? फोनवर तुकड्यातुकड्यात जे सांगते, ते इथे एकदा नीट लिहिते आहे. क्रिकेट कळतं, पण बेसबॉलच्या मैदानात कधी पाय ठेवला नाही, अशा माणसासाठी.

फेनवेच का, तर मेजर लीगच्या, म्हणजे इथल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या, मैदानांत ते सगळ्यात जुनं. इथे लीगचा पहिला सामना २० एप्रिल १९१२ रोजी झाला. शहराच्या जुन्या रस्त्यांच्या मधे जी वेडीवाकडी जागा मिळाली तिच्यात ते बसवलंय, म्हणून त्याचा आकारही तसाच. डावीकडची सीमा फलंदाजापासून अवघ्या ३१० फुटांवर. मग चेंडू सहज बाहेर जाईल, म्हणून तिथे ३७ फूट २ इंच उंचीची भिंत उभी आहे. हिरवी, सपाट, तीन-चार मजली इमारतीएवढी. तिला ग्रीन मॉन्स्टर म्हणतात. उजव्या कोपऱ्यातला खांब ३०२ फुटांवर, आणि मधे उजवीकडे झुकलेला एक कोपरा पार ४२० फूट आत गेलेला. बेसबॉलमध्ये प्रत्येक गावच्या मैदानाचा आकार वेगळा असतो, आणि फेनवेइतकं ते कुठे जाणवत नाही. दुसरीकडे जो उंच झेल सहज पकडला गेला असता, तो इथे भिंतीच्या वरून होम रन (आपल्या षटकारासारखा) होतो. आणि दुसरीकडे जो सणसणीत फटका होम रन ठरला असता, तो इथे भिंतीवर आदळून खाली पडतो आणि फलंदाज दुसऱ्या बेसवर, म्हणजे धाव पुरी करायला गाठायच्या चार थांब्यांपैकी दुसऱ्यावर, थांबतो. म्हणून इथे नुसता सामना बघायचा नाही, मैदान बघायचं.

कधी जायचं

हंगाम मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत. एका संघाचे १६२ सामने, त्यातले ८१ घरी. म्हणजे तिकीट मिळणारच नाही असं सहसा होत नाही. प्रश्न असतो किमतीचा. यांकीज फेनवेला वर्षात सहा-सातदाच येतात, आणि त्या सामन्यांचे दर डोळे पांढरे करणारे असतात. पहिल्या खेपेला त्या मोहात पडू नका. आठवड्याच्या मधल्या वारी, मे-जूनमध्ये किंवा शाळा सुरू झाल्यावर सप्टेंबरात, कुठल्याही संघाचा सामना घ्या. एप्रिलमध्ये बॉस्टनची संध्याकाळ किती गारठ्याची असते ते माझ्या मुलाच्या जांभळ्या ओठांवर पाहिलंय, तेव्हा एप्रिल टाळा. जायचंच असेल तर कानटोपी आणि पांघरूण न्या.

संघ एका गावात आला की बहुधा लागोपाठ तीन सामने खेळतो. बाहेरगावहून जाणाऱ्याने त्यातला पहिला सामना निवडावा. पाऊस आला आणि सामना रद्द झाला तर तो बहुतेक वेळा पुढच्या एक-दोन दिवसांत खेळवतात, आणि तुमचं तिकीट त्या नव्या दिवसाला चालतं. शेवटच्या दिवसाचं तिकीट काढून पाऊस लागला तर संघ निघून जातो, सामना कदाचित दोन महिन्यांनी होतो, आणि तुम्ही तोवर कधीच घरी पोचलेले असता.

खुर्ची निवडणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. फेनवेचं वरचं छप्पर लोखंडी खांबांवर उभं आहे, आणि ते खांब प्रेक्षकांच्या मधोमध आहेत. पहिल्या वर्षी मी स्वस्त मिळालं म्हणून ग्रँडस्टँडमधलं तिकीट घेतलं आणि तिकिटाखालची बारीक अक्षरातली ओळ वाचलीच नाही. जाऊन बसले तर पिचर (इथला गोलंदाज) आणि माझ्या बरोब्बर मधे हिरवा खांब. पिचरचा हात वर जाताना दिसायचा, चेंडू सुटताना दिसायचा नाही. तीन तास मी उजवीकडे कलून बसले होते. तेव्हा तिकिटावर 'दृश्यात अडथळा' अशा अर्थाची ओळ आहे का ते बघा, आणि नेमक्या त्या रांगेतून मैदान कसं दिसतं याचे प्रेक्षकांनी टाकलेले फोटो शोधा.

ढोबळ हिशेब असा. ग्रँडस्टँड म्हणजे छपराखालच्या, लाकडी, निळ्या, अरुंद खुर्च्या. यातल्या काही १९३४ पासूनच्या आहेत. जाडजूड माणसाला गुडघे आखडून बसावं लागतं. पण ऊन-पावसाला आडोसा मिळतो, म्हणून आई-बाबांना नेणार असाल तर इथेच घ्या, होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, मागे किंवा पहिल्या बेसच्या बाजूला. फार मागची रांग नको, कारण छप्पर खाली येतं आणि उंच उडालेला चेंडू दिसेनासा होतो. उजव्या टोकाच्या खुर्च्यांची गंमत वेगळीच: त्या पिचरकडे नव्हे, मैदानाच्या मध्याकडे तोंड करून बसवल्यात. तिथे बसलात तर दुसऱ्या दिवशी मान धरते. ब्लीचर्स, म्हणजे मैदानापलीकडच्या उघड्या रांगा, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलक्या. संध्याकाळचं ऊन मात्र थेट डोळ्यांत येतं, तेव्हा टोपी हवीच.

पाहुण्या संघाचा डगआउट, म्हणजे खेळाडूंची बसायची जागा, तिसऱ्या बेसच्या बाजूला असतो. आपला संघ पाहुणा असेल आणि खेळाडू जवळून बघायचे असतील तर ती बाजू घ्या. मला स्वतःला पहिल्या बेसची बाजू आवडते, कारण तिथून भिंत पूर्ण समोर दिसते.

तिकीट फोनवरच येतं, लीगच्या अॅपमध्ये. घरून निघताना ते उघडून बघा आणि बॅटरीचा डबा सोबत ठेवा. दारात फोन बंद पडला तर तुमच्याकडे तिकीट नाही, इतका साधा हिशेब आहे.

पोचायचं कसं

गाडी नेऊ नका. मैदानाभोवती पार्किंगला जे मागतात त्यात घरातल्या एकाचं तिकीट निघेल. जर्सीवाल्यांनी मेट्रोपार्क किंवा न्यूअर्कहून अॅमट्रॅकची रेल्वे पकडावी. बॉस्टनच्या साउथ स्टेशनवर उतरलात तर मेट्रोच्या रेड लाइनने दोन स्टेशनं, पार्क स्ट्रीट. तिथे ग्रीन लाइन. ग्रीन लाइनच्या चार शाखा आहेत, त्यातल्या बी, सी आणि डी या तिन्ही केनमोरला जातात, ई जात नाही. ई मध्ये बसलात तर कोपलीनंतर ती भलतीकडे वळते. डी शाखेवर 'फेनवे' नावाचंही स्टेशन आहे, पण नाव बघून तिथे उतरू नका. केनमोरला उतरा. मेट्रोच्या तिकिटासाठी स्टेशनच्या दाराशी बँकेचं कार्ड किंवा फोन टेकवला की झालं. दुसरा मार्ग: बॅक बे स्टेशनवरून उपनगरी गाडीने एकच स्टेशन, लॅन्सडाउन. ते मैदानाच्या अगदी जवळ आहे, पण गाड्या कमी.

केनमोरला जिना चढून वर आलात की नकाशा बघायची गरज नाही. लोक जातात तिकडे जायचं. चर्चगेटला उतरून वानखेडेकडे निघालेल्या लोंढ्यात जे वाटतं, अगदी तेच वाटतं. पूल ओलांडताना खाली हमरस्ता घोंघावत असतो, कांदा-मिरची परतल्याचा वास येतो, आणि डावीकडे हिरव्या भिंतीची पाठ दिसते.

दाराशी

बॅग नेऊ नका, हा माझा ठाम सल्ला. पाठीवरची सॅक आत चालत नाही. लहान पर्ससाठी मापं ठरलेली आहेत आणि ती हंगामागणिक बदलतात, म्हणून आदल्या दिवशी संघाच्या संकेतस्थळावर बघा. बाळाचं सामान आणि औषधं याला सवलत असते, फक्त दाराशी आपणहून सांगायचं. आत रोख पैसे चालत नाहीत, कार्ड न्या. बिअर घेणार असाल तर वय कितीही दिसो, ओळखपत्र मागतात. पाहुण्यांनी पासपोर्ट न्यावा.

दारं सामन्याच्या साधारण दीड तास आधी उघडतात. त्या वेळी आत असा. हे मी प्रत्येकाला सांगते आणि निम्मे लोक ऐकत नाहीत. सामन्याआधी दोन्ही संघ फलंदाजीचा सराव करतात, आधी यजमान, मग पाहुणे. दारं उघडेपर्यंत यजमानांचं बहुधा उरकलेलं असतं. म्हणजे आत शिरल्यावर तुम्हाला दिसतो तो पाहुणा संघ. रविवारी किंवा दुपारच्या सामन्याला बऱ्याचदा सराव नसतो. असला तर डाव्या बाजूला भिंतीपाशी जाऊन उभे राहा. चेंडू भिंतीवर आदळल्याचा आवाज तिथे ऐकू येतो. टीव्हीवर तो कधीच ऐकू येत नाही. पत्र्यावर नारळ आपटल्यासारखा, पण पोकळ.

याच वेळात फिरून घ्या. भिंतीच्या तळाशी धावफलक आहे, तो आजही हाताने बदलतात. फलकाच्या आत माणसं बसलेली असतात आणि फटीतून मैदान बघतात. त्यावरच्या पांढऱ्या उभ्या पट्ट्यांत ठिपके-रेघा दिसतील. त्या मोर्स लिपीत जुने मालक टॉम यॉकी आणि त्यांच्या पत्नी जीन यांची आद्याक्षरं आहेत. वर भिंतीला लटकलेली एक शिडी आहे. एकेकाळी भिंतीवर जाळी होती, तिच्यात अडकलेले चेंडू काढायला शिडी लागायची. २००३ मध्ये भिंतीवर खुर्च्या बसवल्या, जाळी गेली, शिडी राहिली. चेंडू तिच्यावर आदळून कुठेही उडू शकतो आणि खेळ चालूच राहतो.

यॉकींचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. मैदानाबाहेरच्या ज्या जर्सी स्ट्रीटवरून तुम्ही आत येता, तिला २०१८ पर्यंत त्यांचंच नाव होतं. ते का काढलं, तर एप्रिल १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सनने, ज्याने पुढे मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत मोडली त्याने, याच मैदानावर चाचणी दिली होती, आणि रेड सॉक्सनी त्याला घेतलं नाही. पुढे १९५९ मध्ये पंप्सी ग्रीन आला तेव्हा कुठे या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू दिसला. कृष्णवर्णीय खेळाडू घेणारा मेजर लीगमधला हा शेवटचा संघ. उजव्या बाजूला वर निवृत्त केलेल्या, म्हणजे मानाने कायमचे राखून ठेवलेल्या, जर्सी क्रमांकांची रांग आहे, तिच्यात रॉबिन्सनचा ४२ बघाल तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

आणि ब्लीचर्समधली लाल खुर्ची. भाग ४२, रांग ३७, खुर्ची २१. हिरव्यागार गर्दीत एकटी लाल. ९ जून १९४६ रोजी रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सचा फटका ५०२ फूट उडून तिथे बसलेल्या माणसाच्या डोक्यावर पडला आणि त्याच्या गवती टोपीला भोक पडलं. त्या खुर्चीपाशी उभं राहून होम प्लेटकडे एकदा बघा. तिथला फलंदाज अंगठ्याएवढा दिसतो.

खेळ चालू असताना

नियम जेवढ्यास तेवढे सांगते. नऊ इनिंग. प्रत्येकीत पाहुणा संघ आधी फलंदाजी करतो, यजमान नंतर. तीन आउट झाले की पाळी बदलते. दोन पांढऱ्या रेघांच्या बाहेर गेलेला चेंडू फाउल, त्यावर धाव नाही. क्रिकेटमध्ये ज्याला आपण सुरेख लेट कट म्हणू तो इथे फुकट जातो, याची सवय व्हायला दोन-तीन इनिंग लागतात. सामना अनिर्णित राहत नाही, बरोबरी असेल तर पुढे खेळतात. २०२३ पासून, चेंडू ठरलेल्या सेकंदांत टाकावा म्हणून, पिचरवर घड्याळ लावलंय, त्यामुळे सामने बहुधा पावणेतीन तासांत आटोपतात.

नवख्याची तक्रार ठरलेली असते: काहीच घडत नाही. घडत असतं, आपण फक्त पिचर आणि फलंदाज बघत असतो. चेंडू टाकायच्या आधीच्या त्या दहा-पंधरा सेकंदांत बाकीचे काय करतात ते बघा. डावखुरा फलंदाज आला की सगळे दोन पावलं सरकतात. पहिल्या बेसवरचा धावपटू एकेक पाऊल पुढे चोरत जातो आणि पिचर मान वळवून त्याला डोळ्यांनी मागे ढकलतो. १७ ऑक्टोबर २००४ च्या रात्री याच पट्ट्यात रेड सॉक्सचा डेव्ह रॉबर्ट्स फटक्याची वाट न बघता दुसऱ्या बेसकडे पळाला. रेड सॉक्स यांकीजविरुद्धच्या मालिकेतले पहिले तीन सामने हरलेले, चौथा गेला की मालिका गेली, आणि त्यातही नवव्या इनिंगमध्ये एका धावेने मागे. सगळ्या मैदानाला माहीत होतं की तो पळणार, पिचर मारियानो रिव्हेराला तर होतंच. तरी तो पळाला आणि पोचला. ती मालिका बॉस्टनने फिरवली आणि १९१८ नंतर, ८६ वर्षांनी, विजेतेपद मिळवलं. आमच्या घरात त्याबद्दल अजून बोलत नाहीत, पण पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधली ती नव्वद फूट माती मी प्रत्येक वेळी बघते.

लक्ष टिकवायचा माझा उपाय म्हणजे स्कोअरकार्ड. सामन्याच्या पुस्तिकेत छापलेलं मिळतं, सोबत पेन्सिल. मला ते शिकवलं शेजारच्या खुर्चीवरच्या एका आजींनी. त्यांच्या मांडीवर वही होती, पेन्सिल दोऱ्याने वहीला बांधलेली. माझी यांकीजची टोपी त्यांनी पाहिली, मान हलवली, आणि तरी वही माझ्याकडे सरकवली. प्रत्येक क्षेत्ररक्षकाला क्रमांक असतो: पिचर १, कॅचर (इथला यष्टिरक्षक) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग बाहेरचे तिघे डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसकडे दिला, तिथून पहिल्याकडे, दोघं बाद, की लिहायचं ६-४-३. स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद झाला, की रोमन लिपीतलं 'के'. फलंदाज बॅट न हलवता नुसता बघत राहिला आणि बाद झाला, तर तेच अक्षर उलटं, आरशात दिसतं तसं. मी पहिलं उलटं अक्षर काढलं तेव्हा आजींनी माझं बोट धरून रेघ दुरुस्त केली होती. पाठकोऱ्या कागदावर रेघा मारून रेडिओवरचं क्रिकेट लिहून काढलेल्या माणसाला हे पाच मिनिटांत जमतं. बाबांना तर तीन मिनिटांत जमलं.

बाबांचीच आणखी एक गोष्ट. फाउल चेंडू आमच्या चार रांगा पुढे पडला, एका मुलाने तो उचलून खिशात टाकला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा अस्वस्थ. "अगं, त्याला म्हणावं परत दे, खेळ खोळंबेल." इथे परत द्यायचा नसतो. प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याच्या हाती लागला त्याचा. मात्र खेळातला चेंडू अजून मैदानाच्या हद्दीत असताना कठड्यावरून हात घालू नका, त्याने निर्णय फिरतो आणि तुम्हाला बाहेर काढतात. होम प्लेटमागे आणि डगआउटच्याही पुढे जाळी असते. जाळीपलीकडच्या खुर्चीवर असाल तर चेंडू सुटताना फोन खाली ठेवा. ते चेंडू खरोखर इजा करतात.

पाहुण्या संघाची टोपी घालायची का? जरूर घाला. टोमणे पडतील, हसून घ्या. तुमच्या संघाने धाव काढली तर उभं राहून टाळ्या वाजवा, पण वळून मागच्याला खिजवू नका. कुणी पिऊन मर्यादा सोडली तर वाद न घालता रांगेच्या टोकाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला सांगा, ते लगेच लक्ष घालतात. रांगेतून उठायचं असेल तर चालू फलंदाज बाद होईपर्यंत किंवा बेसवर पोचेपर्यंत थांबा.

खाण्याचं थोडक्यात. फेनवे फ्रँक हा इथला हॉट डॉग प्रसिद्ध आहे, पण त्यात गोमांस असतं, वर्ज्य असेल त्यांनी लक्षात ठेवा. शाकाहाऱ्यांना बहुधा शेंगा, पॉपकॉर्न, प्रेट्झेल, फ्राइज यावर भागवावं लागतं, म्हणून मुलांना आधी पोटभर जेवू घाला. शेंगा मात्र घ्याच. सालं पायाशी टाकायची असतात आणि नऊ इनिंगनंतर तिथे ढीग साचतो.

सातव्या इनिंगच्या मधोमध सगळे उभे राहून पाय मोकळे करतात आणि गातात. आठव्याच्या मधोमध नील डायमंडचं 'स्वीट कॅरोलाइन' लागतं, २००२ पासून प्रत्येक सामन्याला. संघ दहा धावांनी हरत असला तरी गातात. तेव्हा खुर्चीत नसलात तर पस्तावाल, म्हणून त्या वेळी खायला-प्यायला उठू नका.

निघताना

नववी इनिंग संपेपर्यंत थांबा. यजमान पुढे असतील तर नवव्याचा उत्तरार्ध खेळवतच नाहीत, तेव्हा आठव्यानंतर फलकाकडे नजर ठेवा, नाहीतर लोक का उठले ते कळत नाही. संपल्या संपल्या केनमोरकडे धावू नका. जिन्यावर मुंगीला वाट नसते. पंधरा मिनिटं जागेवर बसा. तेवढ्यात माळी येतात, पिचरच्या उंचवट्यावरचे खड्डे बुजवतात, माती ओली करतात आणि त्यावर कापड अंथरतात.

रात्री उशिरा जर्सीला परतायची सोय धरू नका, मुक्काम करा. हॉटेल बॅक बेच्या बाजूला असेल तर गाडीऐवजी बॉयलस्टन स्ट्रीटने चालत निघा, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. रस्ता उजेडाचा आणि माणसांचा असतो. सिग्नलला उभे असताना कुणीतरी तुमची टोपी बघून आठव्या इनिंगमधल्या त्या चुकलेल्या झेलाबद्दल विचारेलच. स्कोअरकार्ड हातात असू द्या.